'तिसरा मुलगा बचावला', त्यापुढं काय?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शेततळ्यात दोन मुलं बुडाल्याची बातमी मे महिन्यात आपल्या अंकात आली होती. शेवटची ओळ होती, 'तिसरा मुलगा थोडक्यात बचावला.' तो माझा पुतण्या. यंदा दहावीला आहे.

त्याला पोहता येत नाही, म्हणून तो बांधावर बसला होता. तळ्यातल्या प्लास्टिकच्या कागदावर शेवाळ धरतं, पट्टीच्या पोहणाऱ्याचाही पाय ठरत नाही. मित्र वर येईनात, तसा हा माणसं बोलवायला वस्तीकडं पळाला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. पण अजून रात्री दचकून उठतो आणि म्हणतो, "काका, मी त्यांना सोडून पळालो."

भेटायला आलेल्यांनी त्यात भर घातली. "तू कसा काय वाचलास?" "तू तरी अडवायचं होतंस." कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण पंधरा वर्षांच्या पोरानं याला उत्तर काय द्यावं? जूनमध्ये शाळा उघडली, दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली झाली आणि तास सुरू झाले. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर 'मीच का उरलो' म्हणत कुढणारी मोठी माणसं आपण मराठवाड्यात पाहिली आहेत. मग लेकराचं मन आपल्याला का कळू नये?

मित्रांच्या घरासमोरून जायचं नको म्हणून तो गावाला वळसा घालून शाळेत जायचा. शेवटी त्यातल्या एकाची आईच आमच्या घरी आली. पिशवीत याच्या चपला होत्या, त्या दिवशी बांधावर राहिलेल्या. त्या म्हणाल्या, "नांगरटीतनं अनवाणी पळालास रे लेकरा. पाय किती पोळले असतील." तो त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

आपल्याला एकच विनंती आहे. अशा बातमीखाली टेली-मानस या मानसिक आधार देणाऱ्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक छापत जा. केंद्र सरकारची ही मोफत सेवा २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे, मराठीतूनही बोलता येतं. आम्हाला तो ऑगस्टमध्ये कळला, तोही गावातल्या आशाताईंकडून. आता पुतण्या दार लोटून घेऊन स्वतःच फोन लावतो. मे महिन्यात, त्या बातमीखालीच तो आम्हाला मिळाला असता.

आपला,
एक वाचक, ता. अंबाजोगाई, जि. बीड