क्रीडांगणांवर देखरेख कोणाची?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

नव्या उद्यानाचे लोकार्पण झाले, क्रीडांगणाचे भूमिपूजन झाले, ज्येष्ठांसाठी आणखी एक ओपन जिम बसली, अशा बातम्या आपल्या दैनिकाच्या शहर पुरवणीत नेमाने येतात आणि त्या यायलाच हव्यात. मात्र लोकार्पणानंतर दोन वर्षांनी त्याच जागेची स्थिती काय आहे, तिच्यावर किती खर्च झाला, ती कोणाच्या ताब्यात आहे आणि तेथे कोणत्या वयाची मुले खरोखर खेळतात, याची नोंद ना पालिकेच्या संकेतस्थळावर सापडते, ना वृत्तपत्रात. मी अनेक वर्षे बारा ते अठरा वयोगटातील मुलामुलींना पालिकेच्या एका क्रीडांगणावर खो-खो शिकवतो. शहराचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण राज्यातील कोणत्याही महापालिकेच्या हद्दीतील प्रशिक्षकाला हे पत्र स्वतःचे वाटेल, अशी माझी खात्री आहे.

आमचे मैदान समारंभासाठी भाड्याने गेले की त्यानंतरचा पहिला दिवस खेळाचा नसतो. मंडपाचे खांब उपटून नेले जातात, पण त्यांचे खड्डे खडी आणि विटांचे तुकडे टाकून बुजवलेले असतात. कनातीचे खिळे, बांधणीच्या तारेचे तुकडे, काचा आणि प्लास्टिकच्या ताटल्या मातीत मिसळलेल्या असतात. खो-खोमध्ये मूल खांबाशी सूर मारते, पाठलाग करताना छातीवर पडते, अनवाणी वळते. त्यामुळे मुलांना एका ओळीत उभे करून, चौकोन चौकोन वाटून देऊन, हाताने माती चाचपत खिळे वेचायला लावणे हा आमच्या सरावाचाच एक भाग झाला आहे. मैदान भाड्याने देताना अनामत रक्कम घेतली जाते आणि जागा पूर्ववत करून देण्याची अट परवानगीच्या कागदावर असते. ती अट पाळली गेली की नाही, हे पाहण्यासाठी मैदानावर येऊन उभा राहिलेला माणूस मात्र मी आजवर पाहिलेला नाही. त्या कागदावर सही करणारा विभाग वेगळा, मैदानाची झाडलोट करणाऱ्या ठेकेदाराची देयके मंजूर करणारा विभाग वेगळा आणि मुलांना खेळाची परवानगी देणारा विभाग तिसराच. उद्यान, क्रीडा, मालमत्ता व्यवस्थापन आणि क्षेत्रीय कार्यालय या चौघांपैकी प्रत्येकाकडे मैदानाचा एक एक तुकडा आहे आणि अख्खे मैदान कोणाकडेच नाही.

याचे मूळ कायद्यातही आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुविधांची तरतूद हा विषय नागरी स्थानिक संस्थांच्या कामांत स्पष्टपणे नमूद केलेला आहे. परंतु मुंबईखेरीज राज्यातील इतर महापालिका ज्या १९४९ च्या अधिनियमाने चालतात, त्यात पाणी, मलनिस्सारण, दिवाबत्ती ही आवश्यक कर्तव्ये आहेत, तर सार्वजनिक उद्याने व क्रीडांगणे कलम ६६ मधील ऐच्छिक कर्तव्यांत येतात. पाणीपुरवठ्यात कुचराई झाली तर आयुक्तांना सभागृहात उत्तर द्यावे लागते. मैदानावरचे दिवे सहा महिने बंद राहिले तर कोणाच्याच नावावर काही लागत नाही. पैशांची ओढाताण सुरू झाली की पहिली कात्री देखभालीच्या तरतुदीला लागते. नव्या बांधकामाच्या तरतुदीवर ती सहसा चालत नाही, कारण नव्या कामाला कोनशिला असते आणि गवत कापण्याला नसते. नगरसेवकांच्या प्रभाग निधीतून, ज्याला पुण्यात ‘स’ यादी म्हणतात, त्यातून बाके, कमानी, नामफलक आणि व्यायामाची उपकरणे येत राहतात. त्यांतील एखादे उपकरण मोडले तर ते दुरुस्त करण्यासाठी मात्र अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष शोधावे लागते.

या सगळ्यात सर्वाधिक नुकसान किशोरवयीन मुलांचे होते आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. लहान मुलांसाठी घसरगुंडी आणि झोपाळे आहेत, ज्येष्ठांसाठी चालण्याचा मार्ग आणि बाके आहेत. चौदा वर्षांच्या मुलाने उद्यानात चेंडू आणला तर सुरक्षारक्षक शिट्टी वाजवतो, कारण प्रवेशद्वारावरील नियमांच्या फलकावर चेंडू खेळण्यास मनाई आहे. हिरवळ खराब होते आणि चालणाऱ्यांना चेंडू लागतो, ही दोन्ही कारणे मला मान्य आहेत. पण मग त्या मुलाने जायचे कोठे, याचे उत्तर त्याच पालिकेने दुसऱ्या जागी दिले पाहिजे. बहुतेक उद्याने दुपारी बंद असतात आणि सकाळच्या सत्रातील शाळा सुटल्यानंतर मुलांना मिळणारे मोकळे तास नेमके तेच असतात. शिक्षणहक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरवले आहे, तरी दाट वस्तीतील अनेक शाळा प्रत्यक्षात पालिकेच्या मैदानावरच अवलंबून आहेत. अलीकडे जाळी लावलेली, तासावर भाडे आकारणारी कृत्रिम गवताची टर्फ झपाट्याने उभी राहिली आहेत. ज्यांना परवडते ती मुले तेथे जातात. वस्तीतल्या मुलाला ते तासाचे भाडे परवडत नाही आणि तो रस्त्यावर, रिक्षांच्या रांगेशेजारी खेळतो.

मुलींबद्दल तर अधिक स्पष्ट लिहिणे भाग आहे. माझ्या संघातील मुली आठवी-नववीपर्यंत उत्साहाने येतात आणि त्यानंतर गळू लागतात. पालकांशी बोललो की कारण खेळातील नावडीचे नसते. मैदानावरील स्वच्छतागृहाला कुलूप असते, अंधार पडल्यावर दिवे लागत नाहीत आणि परतीच्या कोपऱ्यावर टोळकी बसलेली असतात, ही कारणे असतात. एक कुलूप उघडे ठेवणे आणि दोन दिवे लावणे यासाठी कोणत्याही प्रकल्प सल्लागाराची गरज नाही; त्यासाठी रोज संध्याकाळी मैदानावर जाणारा एक जबाबदार कर्मचारी लागतो. पुण्याच्या डेक्कन जिमखाना या क्रीडासंस्थेने १९१४ साली ज्या महाराष्ट्रात खो-खोची नियमावली तयार केली, त्याच महाराष्ट्रात मुलींना तो खेळ सोडावा लागतो तो कुलपाच्या किल्लीवाचून, याचे मला मनापासून दुःख होते.

पालिकेकडे मनुष्यबळ नाही, म्हणून मैदाने संस्थांना सांभाळायला द्यावीत, असा उपाय नेहमी सुचवला जातो. संस्थांचा सहभाग मला नकोसा नाही. कित्येक तालमी आणि क्रीडा मंडळे अशाच जागांवर उभी राहिली आणि त्यांनी खेळाडू घडवले. पण मुंबईचा अनुभव विसरून चालणार नाही. तेथील दत्तक आणि काळजीवाहू योजनांत काही भूखंडांवर सदस्यत्व शुल्क घेणारे क्लब उभे राहिले आणि सार्वजनिक मैदानाचा सामान्य माणसाशी असलेला संबंध हळूहळू तुटला. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई महापालिकेने मोकळ्या जागांचे नवे दत्तक धोरण मंजूर केले, तेव्हा नागरिकांच्या तीव्र विरोधानंतर तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याला स्थगिती दिली आणि आधी दिलेल्या २१६ जागा परत घेण्याची वेळ पालिकेवर आली. २०२३ साली नव्या धोरणाचा मसुदा पुढे आला, तेव्हाही तोच वाद पेटला. पुण्यातही २०२१ मध्ये सुविधा क्षेत्राच्या, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी राखलेल्या, जागा दीर्घ मुदतीच्या भाडेकराराने देण्याच्या प्रस्तावाला असाच विरोध झाला. या प्रत्येक वेळी नागरिकांचा राग संस्थेवर कमी आणि करारावर अधिक होता. करारात काय आहे, तो कधी संपतो, प्रवेशशुल्क किती, संस्थेने काय बांधायचे आणि काय नाही, हे मैदानाच्या दारात लिहिलेले नव्हते आणि पालिकेचा कोणताही अधिकारी वर्षातून एकदा तरी ते तपासत असेल, असा विश्वास कोणालाच उरला नव्हता.

आता एका मुदतीकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. पुण्याच्या जुन्या हद्दीचा सुधारित विकास आराखडा राज्य शासनाने जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा ताब्यात घेतली गेली नाही, तर मालक खरेदीची सूचना देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत भूसंपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. म्हणजे त्या आराखड्यातील ज्या क्रीडांगणांच्या आणि उद्यानांच्या जागा अजून ताब्यात आलेल्या नाहीत, त्यांच्यासाठी २०२७ हे वर्ष निर्णायक आहे. मालकांवर अन्याय व्हावा असे कोणीच म्हणणार नाही. जमीन वर्षानुवर्षे अडकवून ठेवून मोबदला न देणे हाही अन्यायच आहे आणि म्हणूनच कायद्याने मुदत घातली आहे. पण मोबदल्यासाठी हस्तांतरणीय विकास हक्क (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), वाटाघाटी, भूसंपादन असे मार्ग उपलब्ध असताना केवळ कोणी पाठपुरावा केला नाही म्हणून मैदान नकाशावरून पुसले जाणे, हा त्या परिसरातील मुलांवरचा अन्याय आहे. कोणत्या आरक्षणांची सूचना आली आहे, कोणत्यांची येऊ शकते आणि प्रत्येकाबाबत पालिकेने काय केले, ही यादी प्रभागनिहाय प्रसिद्ध व्हायला हवी. इतर शहरांनीही आपापल्या आराखड्याच्या तारखा याच नजरेने तपासाव्यात.

न्यायालयांनी आपले काम केलेले आहे. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंगळूरमधील उद्यानासाठी राखीव जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय रद्द करणारा उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला आणि तेथील रहिवाशांना त्याविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार आहे, हे मान्य केले. १९९९ मध्ये लखनऊच्या झंडेवाला पार्कखाली बांधलेले व्यापारी संकुल पाडून उद्यान पूर्ववत करण्याचा आदेश त्याच न्यायालयाने दिला. परंतु प्रत्येक मैदानासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याइतका वेळ आणि पैसा कोणत्या गल्लीतल्या रहिवाशांकडे असतो? आणि तोवर त्या वर्षीचे चौदा वर्षांचे खेळाडू चोवीस वर्षांचे झालेले असतात.

देखरेखीची यंत्रणा नव्याने शोधण्याचीही गरज नाही. प्रभाग समित्या घटनेने दिलेल्या आहेत आणि १९४९ च्या अधिनियमातील कलम २९-अ नुसार त्यांच्यावर बिगरसरकारी किंवा समाजाधारित संस्थांचे तीनपर्यंत सदस्य नामनिर्देशित करता येतात. त्यांपैकी एक जागा मुलांच्या खेळाशी प्रत्यक्ष संबंध असलेल्या व्यक्तीला, शक्यतो एखाद्या महिला प्रशिक्षकाला मिळावी आणि दर तीन महिन्यांनी समितीची एक बैठक कार्यालयात न होता मैदानांची पाहणी करून व्हावी. बहुसदस्यीय प्रभागात चार नगरसेवकांपैकी नेमके कोणाकडे जायचे, हे नागरिकाला कळत नाही. म्हणून प्रत्येक उद्यान व मैदानासाठी एका अधिकाऱ्याचे पदनाम निश्चित करावे आणि वर उल्लेखलेल्या चारही विभागांचे त्या जागेपुरते उत्तरदायित्व त्याच्याकडे द्यावे. दारावर फलक लावावा, पण त्यावर छायाचित्रे नकोत. ठेकेदाराचे नाव, ठेक्याची मुदत, वर्षाची देखभाल तरतूद, उघडण्याच्या वेळा आणि पुढील महिन्यात मैदान कोणाला कोणत्या दिवशी दिले आहे, एवढे त्यावर असले की पुरे. मैदानाचा तात्पुरता अन्य वापर करू देण्याची तरतूद नगररचना कायद्याच्या कलम ३७-अ मध्ये आहे, पण तीही वर्षातील ठरावीक दिवसांपुरतीच आहे. ते दिवस वापरून संपले की नाही, हे मोजण्याचे साधन मुलांच्या पालकांच्या हाती असले पाहिजे आणि अनामत रक्कम परत देण्यापूर्वी तेथे सराव करणाऱ्या मंडळाची सही घेतली, तर खिळ्यांचा प्रश्न एका हंगामात सुटेल.

किशोरवयीन मुलांनाही विचारावे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमाने मुलांना खेळाचा हक्क दिला आहे आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे. आमच्या मुलांना गेल्या वर्षी मी सहज विचारले होते की मैदानात काय हवे. मला वाटले होते प्रेक्षागॅलरी मागतील. त्यांनी मागितले पिण्याच्या पाण्याचा चालू नळ, खोडाभोवती बसायला पार, मुलींसाठी कपडे बदलायला आडोसा आणि रविवारी सकाळी मोठ्या माणसांच्या क्रिकेट सामन्यांसाठी मैदान अडवले जाऊ नये, एवढेच.

मुंबई-पुण्यासह अनेक महापालिका मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर प्रदीर्घ काळ प्रशासकाच्या हाती राहिल्या आणि त्या काळात प्रभाग समितीत प्रश्न विचारण्याची वाटच बंद होती. त्या काळातील देखभालीचे ठेके, दिलेल्या परवानग्या आणि जप्त किंवा परत केलेल्या अनामत रकमा यांचा मैदाननिहाय तपशील पालिकांनी स्वतःहून जाहीर करावा. आपल्या दैनिकाने तो माहितीच्या अधिकारात मागवून प्रभागवार छापला, तर आमच्यासारखे प्रशिक्षक आणि पालक आपापल्या मैदानावर उभे राहून तो पडताळून पाहतील आणि जे आढळेल ते आपल्याला लेखी कळवतील.

आपला विश्वासू,
एक खो-खो प्रशिक्षक