लॅबमधल्या मामांना जाहीर आभाराचं पत्र

आदरणीय मामा,
सा. न. वि. वि.

बारावीचा रसायनशास्त्राचा प्रकल्प जमा झाला. विषय तुम्हाला ठाऊकच आहे, शीतपेयांची आम्लता. मार्गदर्शक म्हणून सरांचं नाव आहे आणि ते योग्यच आहे. पण ऋणनिर्देशात तुमच्या वाट्याला जेमतेम एक ओळ आली. ती मला पुरली नाही, म्हणून हे पत्र.

बाटली उघडताच तुम्ही पेय बीकरमध्ये ओतून मंद आचेवर ठेवायला लावलंत. "आधी गॅस जाऊ दे, नाहीतर त्याचंही आम्ल मोजलं जाईल." आम्ल मोजायला त्यात थेंबथेंब घालायचं सोडियम हायड्रॉक्साइडचं, म्हणजे अल्कलीचं, द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं, म्हणून ऑक्झॅलिक आम्लाने त्याची तीव्रता तपासल्याशिवाय ब्युरेटला, म्हणजे ते थेंबथेंब सोडणाऱ्या मापनळीला, हात लावू दिला नाहीत. भरून झाल्यावर फनेल काढायचं, कारण त्यातला एक थेंब रीडिंग बिघडवतो, हेही तुमचंच.

कोलाच्या तपकिरी रंगात आम्ल संपल्याची खूण देणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी दिसणार कसा, या प्रश्नावर मी अडून बसले होते. तुम्ही 10 मिली कोलात भरपूर डिस्टिल्ड वॉटर घालायला सांगितलंत. "पाण्याने आम्ल कमी होत नाही गं, पांगतं." तेवढंच पातळ केलेलं दुसरं शंकुपात्र शेजारी, दोन्हींखाली पांढरी टाइल. रंग बदलला की शेजारच्याशी ताडून लगेच कळायचं. याहून सुंदर युक्ती मी लॅबमध्ये पाहिलेली नाही.

आणि लिंबाच्या पेयाने कोलापेक्षा जास्त अल्कली घेतली, तेव्हा! पीएच तर कोलाचा कमी होता, साधारण 2.5, आणि पीएच कमी म्हणजे आम्लता जास्त. रीडिंग जुळेपर्यंत तुम्ही पुन्हा पुन्हा करायला लावलंत, आकडा मात्र तोच. मग सरांनी उलगडा केला: पीएच फक्त सुटे झालेले हायड्रोजन आयन दाखवतो, अनुमापनात, म्हणजे अल्कली थेंबथेंब घालून आम्ल मोजताना, रेणूंनी धरून ठेवलेलेही हळूहळू बाहेर येतात. लिंबाच्या पेयातलं सायट्रिक आम्ल कोलातल्या फॉस्फोरिकपेक्षा सौम्य, पण त्या पेयात होतं भरपूर. तोंडी परीक्षेत मला नेमकं हेच विचारलं, आणि मी न अडखळता सांगितलं.

लॅबची वेळ संपल्यावरही तुम्ही आमच्यासाठी थांबायचात, काचसामान धुऊन ठेवायचात, आणि कधी घाई केली नाहीत. मामा, मनापासून आभार.

पुढच्या वर्षी कुणी हाच विषय घेतला, तर माझी प्रकल्पवही कपाटात ठेवली आहे, ती द्या. फॉस्फोरिक आम्लाचा तिसरा हायड्रोजन फिनॉल्फ्थॅलिनपर्यंत सुटत नाही, म्हणून तुल्यभार (सुटणाऱ्या एका हायड्रोजनमागे आम्लाचा भार) 49 धरायचा, हे त्यात लाल शाईने लिहिलं आहे.

तुमची,
बारावी विज्ञानची एक विद्यार्थिनी