भाजीवाल्याच्या काट्याला शिक्का लागतो, मग माणूस मोजणाऱ्या मशीनला का नाही? मंत्रीसाहेबांना खुलं पत्र

मा. मंत्रीसाहेब,
स. न. वि. वि.

खात्याचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. एका खात्याला लिहिलं की ते दुसऱ्याकडे बोट दाखवतं, तेव्हा ज्या साहेबांना लागू पडेल त्यांनी आपलं समजून वाचावं.

गेल्या महिन्यातल्या रोजगार मेळाव्याला मी होतो, तिसऱ्या रांगेत. पत्रकावर ठळक छापलं होतं, "जागेवर मुलाखत, जागेवर नियुक्ती". तुमचं भाषण झालं, हार झाले, फोटो झाले. मग स्टॉलवर गेलो तर टेबलावर एक क्यूआर कोड चिकटवलेला आणि त्याच्यामागे एक पोरगी बसलेली, ती म्हणाली सर स्कॅन करा, लिंक येईल. एवढ्यासाठी भाऊ आम्ही हाफ डे टाकून, शंभरचं पेट्रोल जाळून आलो होतो. जागेवर काय झालं म्हणाल तर वडापाव मिळाला, तो चांगला होता.

लिंक आली. मुलाखत घ्यायला माणूस नव्हताच, एआयवालं मशीन होतं. स्क्रीनवर एक गोल फिरतोय, त्यातून बाईचा आवाज आणि उत्तराला 90 सेकंद. मी 36 वर्षांचा आहे, भोसरी-चाकणच्या व्हेंडर कंपन्यांत 11 वर्षं क्वालिटीत काढली, मार्चपासून घरी बसलोय. रात्री साडेनऊला किचनचं दार लावून, पंखा बंद करून, घामाघूम होत बसलो. पहिल्याच प्रश्नाला आठवायला वर छताकडे बघितलं तर लाल अक्षरात वॉर्निंग, स्क्रीनकडे बघा. बाहेर आईच्या कुकरची शिट्टी झाली तर दुसरी वॉर्निंग, खोलीत दुसरी व्यक्ती आहे का. आहे ना, आई आहे, वन रूम किचनमध्ये तिला कुठे पाठवू?

मग विचारलं, दबावाखाली निर्णय घेतलेला प्रसंग सांगा. माझ्याकडे खरा प्रसंग आहे. नाइट शिफ्टला शाफ्टचं रनआउट, म्हणजे फिरताना होणारं डगमगणं, लिमिटच्या बाहेर येत होतं, गाडी गेटवर लागलेली, सुपरवायझर म्हणतोय जाऊ दे रे, आणि मी डायल दाखवून डिस्पॅच थांबवला होता. इंग्लिशमध्ये जमेल तसं सांगितलं. खाली माझं बोलणं टाइप होत होतं. मी "रनआउट" म्हणालो, तिनं लिहिलं "आय रॅन आउट". म्हणजे मी माल अडवला आणि रेकॉर्डवर काय, तर मी पळून गेलो! दुरुस्त करायला बटण नाही. मुलाखत संपल्यावर नऊ मिनिटांत मेल, "काळजीपूर्वक विचार केल्यानंतर" आम्ही आपल्याला पुढे नेऊ शकत नाही. नऊ मिनिटांत आमच्याकडे एक पीस नीट चेक होत नाही साहेब.

आता माझ्या लाइनचं सांगतो, कारण तिथेच माझं डोकं फिरलंय. शॉपवरच्या साध्या व्हर्नियरला, म्हणजे मापाच्या पट्टीला पण कॅलिब्रेशनचा, म्हणजे माप बरोबर दाखवते का ते तपासल्याचा स्टिकर असतो, ड्यू डेट असते, तारीख उलटली की ते वापरायचं नाही. ऑडिटरला एक जरी बिनस्टिकरचं गेज सापडलं तरी सगळ्यांची झोप उडते. ते सोडा, मंडईत इलेक्ट्रॉनिक काट्याला वजनमापेवाल्यांचा शिक्का दरवर्षी लागतो, नसेल तर भाजीवाल्याला दंड. मग मला मोजलं त्या मशीनचा स्टिकर कुठाय? माझ्या मराठी वळणाच्या इंग्लिशवर ते कोणी तपासलं? की बार्शीच्या माणसाचं इंग्लिश म्हणजे रिजेक्ट पीसच?

आणि ही मशीनं चुकतात हे काही मीच सांगत नाहीये. ॲमेझॉनसारख्या कंपनीनं बायोडेटा चाळायला असंच टूल बनवलं होतं, दहा वर्षांचे जुने अर्ज खाऊ घातले, त्यात पुरुषच जास्त, तर ते बायकांचे अर्ज खाली ढकलायला लागलं. शेवटी बंद केलं, 2018 मध्ये बातम्या आल्या. न्यूयॉर्क शहरात 2023 पासून असं टूल वापरायचं तर दरवर्षी बाहेरच्या माणसाकडून त्याची भेदभावाची तपासणी करून घ्यावी लागते, म्हणजे आमचं कॅलिब्रेशनच की. युरोपियन युनियनमध्ये तर कामाच्या ठिकाणी चेहऱ्यावरून भावना ओळखणारी मशीनं, उपचार आणि सुरक्षेचं कारण सोडलं तर, फेब्रुवारी 2025 पासून बंदच. आपल्याकडे? लोकांची खासगी माहिती जपायचा 2023 चा डेटा कायदा आहे, पण मशीननं मला का नाकारलं हे विचारायचा हक्क त्यात नाही. केंद्राच्या एआय मिशनला मात्र 10 हजार कोटींच्या वर मंजूर. त्यातले थोडे स्टिकरला ठेवा.

खोटं कशाला बोलू, मी पण चिटिंग केली. भाचा म्हणाला मामा, जाहिरातीतले शब्द बायोडेटात पांढऱ्या अक्षरात टाक, माणसाला दिसत नाहीत पण मशीन वाचतं. टाकले. आता पोरं बायोडेटा चॅटजीपीटीकडून लिहून घेतात, कंपनी तो मशीनकडून वाचून घेते, मध्ये माणूस कोणीच नाही. मार्चपासून 43 की 44 अर्ज झाले, माणसाचा फोन आला दोनदा, त्यातला एक क्रेडिट कार्डवाला.

सरकारी भरतीला जा म्हणाल तर तेही बघितलं. धाकट्यानं 2023 ला तलाठीचा फॉर्म भरला, ओपनला हजार रुपये फी, साडेचार हजारांच्या वर जागा आणि अर्ज दहा लाखांवर, म्हणजे नुसत्या फीचे किती कोटी झाले ते तुमच्या पीएला गुणायला सांगा. तिथे पेपरफुटीच्या बोंबा, खाजगीत कॉन्ट्रॅक्टवर कॉन्ट्रॅक्ट, आणि आता गेटच्या आत शिरायच्या आधीच एक मशीन बसवलंय. आधी वशिला लागायचा, वाईट होतं, पण निदान कोणाच्या पाया पडायचं ते तरी कळायचं.

मागणी फार नाही. तुमच्या मेळाव्यात ज्या कंपन्यांना स्टॉल देता त्यांनी मशीन तपासल्याचा कागद टेबलावर लावावा, आणि नाकारलं तर कारण एका ओळीत, मराठीत, माणसाच्या सहीनं. आणि पत्रकावरचं "जागेवर मुलाखत" तेवढं काढून टाका.

आपला,
पळून न गेलेला एक क्वालिटी इन्स्पेक्टर

ता. क. मुलाखतीत शेवटी विचारलं होतं, तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय का? 30 सेकंद दिले होते. मी विचारलं, पगार किती. स्क्रीनवर आलं, धन्यवाद, तुमचं उत्तर सेव्ह झालं आहे.