पाण्यात नको, तव्यावर घाल

धरमपेठ, नागपूर
डिसेंबर

प्रिय मन्या,

पत्र मिळालं. ऑफिसच्या नाताळच्या जेवणात पुन्हा ते ब्रसेल्स स्प्राउट, इवल्या पत्ताकोबीसारखे हिरवे गोळे, ताटात आले आणि तू ते आलूच्या लगद्याखाली दडवलेस, हे वाचून ही पोट धरून हसली. पण शेवटी दोन ओळींत जे उरकलंस ते काही हसण्यावारी नेण्यासारखं नाही. शुगर काठावर आली आहे, डॉक्टर भाज्या वाढवा म्हणतो, आणि तिकडे ब्रिटनमध्ये या थंडीत ताजी अन् स्वस्त मिळते ती नेमकी हीच भाजी. म्हणून जरा लांबण लावतो. कंटाळलास तर तव्यापाशी येऊन थांब, तेवढं मात्र सोडू नकोस.

तुझं वैर ब्रसेल्स स्प्राउटशी आहे असं तुला वाटतं. मला विचारशील तर ते उकडणाऱ्याशी आहे. आपली पत्ताकोबी, फुलकोबी, गाठकोबी (नवलकोल), तुमची ब्रोकोली आणि हे स्प्राउट, वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने सगळी एकच जात, ब्रॅसिका ओलेरेसिया. माणसाने निवडून निवडून कुठे पानं वाढवली, कुठे फूल, कुठे देठ. स्प्राउटच्या झाडाला कंबरेएवढा उभा दांडा असतो आणि पानांच्या बेचक्यांत हे कोंब धरतात. या सगळ्या घराण्यात गंधकाची संयुगं असतात, त्यांना ग्लुकोसिनोलेट म्हणतात. भाजी चिरली की पेशी फुटतात, मायरोसिनेज नावाचं एन्झाइम त्या संयुगांवर तुटून पडतं आणि झणका तयार होतो. त्यातलं सिनिग्रिन तर मोहरीतही असतं. आजी लोणच्याची मोहरी फेसायची तेव्हा आपल्या नाकात जे चढायचं ते याच वाटेने आलेलं.

थोडं असलं तर त्याला आपण चव म्हणतो. पण पातेलंभर पाण्यात पंधरा मिनिटं रटरटवलं की ही संयुगं मोडत जातात, हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि घरभर नासक्या अंड्याचा वास. जितकं जास्त शिजवाल तितका वास जास्त. वर क जीवनसत्त्व पाण्यात उतरतं आणि ते पाणी मोरीत जातं. तुमच्याकडे देठाला फुलीसारखी चीर देतात ना, तीही देऊ नकोस. तिच्यातून पाणी आत शिरतं आणि गोळा लिबलिबीत होतो, बाकी काही नाही.

आणखी एक. तू 1988 साली गेलास तेव्हा जे खाल्लंस ते आणि आज दुकानात मिळतं ते सारखं नाही. 1990 च्या दशकात हान्स व्हॅन डूर्न या डच शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की कडूपणा मुख्यतः सिनिग्रिन आणि प्रोगॉयट्रिन या दोन ग्लुकोसिनोलेटांचा. मग बियाणं कंपन्यांनी जुन्या साठ्यातली कमी कडू वाणं हुडकली आणि भरघोस पिकणाऱ्या वाणांशी त्यांचा संकर केला. तुझी जीभ अजून जुन्या बियाण्यावर चिडून बसली आहे, राजा. आता वहिनींना आजचेही खरोखरच कडू लागत असतील तर त्यांच्याशी वाद घालू नकोस. कडू चव कोणाला किती कळते ते बरंचसं जन्मजात असतं.

इथे गोकुळपेठच्या बाजारात मशरूम आणि ब्रोकोली घेऊन बसणारा एक जण हिवाळ्यात हे ठेवतो. निलगिरीकडून येतात म्हणतो. भाव ऐकून बाजूची मेथीवाली बाई दरवेळी माझ्याकडे कीव आल्यासारखी बघते. तू त्या बाबतीत नशीबवान. तिकडे अख्ख्या दांड्यासकट मिळतात, आणि पाला, म्हणजे गोठलेलं दंव, पडून गेल्यावरचे घेतलेस तर गोडही असतात, कारण गारठ्यात झाड आपली साखर वाढवून ठेवतं. घेताना लहान, घट्ट, हातात जड लागणारे घे. फुगलेले, पिवळ्या पानांचे नको.

आता तवा. बिडाचा असला तर उत्तम, नाहीतर जाड बुडाचा कोणताही.

स्प्राउट धू आणि फडक्याने खरोखर कोरडे कर. ओल राहिली की ते वाफेवर शिजतात, भाजले जात नाहीत, आणि पुन्हा तेच उकडल्याचं दुखणं. देठाचा वाळका काप काढ, पण पानं सुटी होतील इतका खोल नको. उभे मधोमध दोन भाग कर. कापलेला भाग बघ, आत पिवळसर पानं घडी घालून बसलेली असतात. वरची एकदोन पानं आपसूक गळतात, ती फेकू नकोस, सर्वांत चविष्ट तीच होतात.

तवा चांगला तापू दे. पावशेराला चमचा-दीड चमचा फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल पुरतं. एकेक अर्धुक कापलेल्या बाजूने तव्यावर उलटं मांड, एकमेकांना चिकटवू नकोस, गर्दी झाली की पाणी सुटतं. आच मध्यम कर आणि हात मागे घे. हेच आपल्याला जमत नाही. आपण भाजी टाकली की परतायला घेतो. चार-पाच मिनिटं हलवायचंच नाही. आधी सूं असा ओला आवाज येतो, मग तो बारीक होऊन तडतडायला लागतो, आणि वास कोबीचा राहत नाही, भाजलेल्या फल्लीदाण्यांकडे झुकतो. तेव्हा एक उचलून बघ. कापलेला भाग गडद तांबूस झालेला हवा, कडेला जवळजवळ काळा. फिकट असेल तर परत ठेव. मग सगळे उलटव, सुटी पानं टाक, मीठ घाल आणि दोन-तीन मिनिटांत उतरव. देठात सुरी जाताना किंचित अडली पाहिजे. शेवटी अर्धं लिंबू. तिखट घालायचं असेल तर तवा उतरवल्यावर, नाहीतर जळून ठसका लागेल.

ओव्हनमध्ये करशील तर 200 अंशावर, पंखा असेल तर 180, वीस-पंचवीस मिनिटं. पसरून ठेव, कापलेली बाजू खाली. चव जवळपास तीच येते, पण मला तवाच आवडतो, आवाज ऐकता येतो.

आमच्या घरी यावर जवसाची चटणी भुरभुरवतात. जवस, सुक्या मिरच्या, लसूण, जिरं भाजून मीठ घालून भरड काढायची. ही भाजी आणि ती चटणी एकमेकींसाठीच जन्मल्या. जवसात वनस्पतीतलं ओमेगा-3 असतं, ते वर फुकट. मात्र दळलेला जवस लवकर खवट होतो, थोडाच कर आणि फ्रीजमध्ये ठेव.

दुसरा प्रकार संत्र्याचा. सध्या इकडे आंबिया बहाराची संत्री आली आहेत. तव्यावरचे स्प्राउट तांबूस झाले की आच वाढवून अर्ध्या संत्र्याचा रस ओत. तो मिनिटभरात आटून गोळ्यांना चिकटतो. वर मिरपूड आणि भाजलेले तीळ. गोडवा तेवढाच पुरे. तिकडे मध आणि बेकन घालतात म्हणतोस, पण तुझी शुगर बघता ते शेजाऱ्याच्या ताटात राहू दे.

पोळी-भाकरीशी खायचं तर पीठ पेरून कर. चार फोडी करायच्या. फोडणीत मोहरी, हिंग, लसूण, हळद, तिखट. भाजी टाकून मीठ घाल आणि झाकणावर पाणी ठेव, आत थेंबही नको. चार-पाच मिनिटांत अर्धी शिजली की मूठभर बेसन पेरत जा आणि हलवत राहा. बेसनाचा कच्चा वास गेला की हाताने पाण्याचा शिपका मार, पुन्हा झाकण, मग बचकभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. ज्वारीच्या भाकरीशी आणि कच्च्या कांद्याशी ही भाजी पत्ताकोबीला मागे टाकते, हे मी हिच्यासमोर लिहितो आहे आणि तिने मान हलवली आहे.

कच्चेही खाता येतात. अगदी बारीक, केसासारखे चिर, लिंबू-मीठ चोळून थोडा वेळ ठेव, दाण्याचा कूट आणि वरून हिंग-मिरचीची फोडणी. झाली कोशिंबीर. पण रात्री नको, पोट फुगतं. रॅफिनोज नावाची साखर यांत असते, ती आपल्याला पचत नाही आणि आतड्यातले जंतू तिच्यावर ताव मारतात. सवय होईपर्यंत मूठभरच खा.

सावजी मसाल्यात करू का, असं तू विचारणारच. धाकट्याने केले होते. रस्सा फर्मास झाला. पण त्या रश्श्यात टाकला असता तर चपलेचा तळही फर्मास लागला असता! स्प्राउट कुठे गेले ते कोणाला कळलं नाही. तर्रीचा हट्ट असेल तर पाटवडी कर.

गोठवलेले मिळाले तर ते आधी गरम पाण्यातून काढलेले असतात, म्हणजे झणका तयार करणारं ते मायरोसिनेज एन्झाइम मेलेलं असतं. ब्रोकोलीवरच्या प्रयोगांत असं दिसलंय की शिजलेल्या भाजीवर कच्च्या मोहरीची पूड घातली की तिच्यातलं मायरोसिनेज ते काम करतं आणि सल्फोराफेन हे उपयोगी द्रव्य वाढतं. चिमूटभर पुरे, चवीलाही छान. ताजे असतील तर चिरून अर्धा-पाऊण तास तसेच राहू दे, म्हणजे त्या एन्झाइमला काम करायला वेळ मिळतो, मग शिजव.

आता तुझ्या डॉक्टरसाठी आकडे. 100 ग्रॅम कच्च्या स्प्राउटमध्ये साधारण 43 कॅलरी, कर्बोदकं सुमारे 9 ग्रॅम आणि त्यातलेच जवळजवळ 4 ग्रॅम तंतू. प्रथिनं तीन-साडेतीन ग्रॅम, भाजीच्या मानाने बरीच. क जीवनसत्त्व 85 मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तुमच्या ब्रिटनमध्ये मोठ्या माणसाला दिवसाला 40 सांगतात.

एक मात्र नीट वाच. वहिनींच्या बाबांना वॉर्फरिन, ती रक्त पातळ ठेवायची गोळी, चालू आहे असं तू मागे लिहिलं होतंस. स्प्राउटमध्ये के जीवनसत्त्व भरपूर, शंभर ग्रॅममध्येच दिवसाच्या गरजेहून जास्त, आणि ते त्या गोळीच्या उलट काम करतं. त्यांना खायचे तर दर आठवड्याला साधारण सारखे, आणि आधी डॉक्टरला सांगून. आज परातभर आणि मग महिनाभर काही नाही, असं चालणार नाही. वहिनींच्या थायरॉइडचं म्हणशील तर शिजवून, बेताने खायला हरकत नसते. रोज वाटीवाटीने कच्चे मात्र नको.

सुरुवात साध्या तव्यापासून कर, मीठ आणि लिंबू, बाकी काही नाही. ते जमलं की मग पीठ पेर. कसे झाले ते कळव, आणि वहिनींचं मत वेगळं लिही, तुझ्यावर माझा भरवसा नाही. फेब्रुवारीत येशील तेव्हा मृग बहाराची संत्री निघालेली असतील. जवसाची चटणी करून ठेवतो, पण डबा तू आण. मागच्या खेपेला नेलेला स्टीलचा डबा अजून तुझ्याकडेच आहे आणि ही तो विसरलेली नाही.

तुझा,
बंड्या