प्रयोग किती हे विचारताय, कुठे हेही विचारा

मा. संपादक,

एक रुपयातला पीक विमा बंद झाला आणि २०२५ च्या खरिपापासून भरपाई मुख्यतः पीक कापणी प्रयोगांवर (म्हणजे निवडलेल्या शेतात ठरावीक मापाचा प्लॉट आखून, तेवढंच पीक कापून उत्पादन मोजण्यावर) आली, तेव्हापासून चावडीवर एकच विषय, महसूल मंडळात, म्हणजे आपल्या काही गावांच्या गटात, प्रयोग किती होणार. रास्त आहे, कारण त्या मूठभर शेतांची सरासरी उंबरठा उत्पादनाच्या (भरपाईसाठी ठरवलेल्या मर्यादेच्या) वर गेली की अख्ख्या मंडळाला काही मिळत नाही. पण ते प्रयोग किती गावांत विखुरलेत हे कुणीच विचारत नाही, आणि मी स्टॅटिस्टिक्स शिकवतो म्हणून मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

मंडळातले सगळे गट नंबर एकत्र करून त्यातून लॉटरी काढली तर हिशोबाला ते सगळ्यात स्वच्छ. पण सोयाबीन सगळीकडे एकदमच काढणीला येतं, कृषी सहायक आणि तलाठी दहा दिशांना पळणार कसे? म्हणून आधी गावं निवडायची, मग त्या गावातली शेतं. यात गैर काही नाही, नॅशनल फॅमिली हेल्थ सर्व्हेसुद्धा असाच होतो, आधी गाव आणि मग त्यातली २२ घरं.

अडचण अशी की एका गावात पाऊस तोच, जमीन बरीचशी तीच, पेरणीही दोन-चार दिवसांच्या फरकाने, त्यामुळे शेजारचं शेत नवीन फारसं काही सांगतच नाही. समजा गावातल्या शेतांचा सारखेपणा ०.५ धरला (० म्हणजे काहीच सारखं नाही, १ म्हणजे सगळी शेतं अगदी एकसारखी) आणि दहा प्रयोग दोनच गावांत पाच-पाच उरकले, तर त्यांची किंमत सुट्या निवडलेल्या साधारण तीन शेतांएवढीच उरते. तेच दहा पाच गावांत दोन-दोन केले तर साडेसहाच्या पुढे जाते. कापणी तेवढीच, फक्त गाडीचं पेट्रोल थोडं जास्त.

शिवाय कॅनॉलखालची गावं आणि माळावरची गावं यांची लॉटरी वेगळी काढा, पेऱ्याच्या प्रमाणात. नाहीतर नशिबाने सगळी गावं ओलिताची निघतात आणि जिरायतवाला मरतो.

आणि रस्त्याकडेचं सोयीचं शेत धरणं याला कुठलंच सॅम्पलिंग म्हणत नाहीत. शेतात गेल्यावरसुद्धा नैऋत्य कोपऱ्यापासून रँडम आकड्याने पावलं मोजून प्लॉट आखायचा असतो, चांगलं पीक बघून नाही. आपल्या सातारच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी दाखवून दिलं होतं की प्लॉट फार लहान घेतला तरी उत्पादन फुगतं, कारण कडेची झाडं हमखास आत धरली जातात. आणि फुगलेला प्रत्येक किलो शेतकऱ्याच्या भरपाईतून जातो.

कृषी खात्याला विनंती आहे, निवडलेली गावं आणि गट नंबर काढणीच्या आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा आणि एका गावात दोनपेक्षा जास्त प्रयोग झाले तर कारण लेखी द्या.

– एक प्राध्यापक, लातूर