गाठ आकसली, पण कितीपैकी किती जणांची?

महोदय,

नव्या औषधाने कर्करोगाच्या गाठी आकसल्याची बातमी आली की घरात रुग्ण असलेला माणूस कात्रण घेऊन डॉक्टरांकडे धावतो. मीही गेलो होतो.

पहिल्या टप्प्यातल्या चाचणीत मुख्यतः औषधाची किती मात्रा झेपते ते पाहतात. रुग्ण मोजके, बहुतेकांचे आधीचे उपचार थकलेले आणि तुलनेला सहसा दुसरा गट नसतो. गाठी मोजण्याची रीतही सामान्य वाचकाला चकवणारी आहे. 'रेसिस्ट' निकषांनुसार स्कॅनवरच्या जास्तीत जास्त पाच गाठी निवडून त्यांच्या व्यासांची बेरीज करतात. ती 30 टक्के घटली तर 'अंशतः प्रतिसाद'. 20 टक्के आणि किमान 5 मिलीमीटर वाढली तर आजार बळावला. मधले सगळे 'स्थिर'. म्हणजे नवी गाठ उठली नसेल तर 15 टक्के वाढ झालेला रुग्णही स्थिर, आणि 'आजार आटोक्यात' असलेल्यांच्या आकड्यात त्याचीही भर! परिषदांत दाखवतात त्या उतरत्या पट्ट्यांच्या आलेखात प्रत्येकाचा सर्वांत चांगला स्कॅन असतो. दुसऱ्या स्कॅनआधीच जो दगावला त्याची पट्टीच नसते.

म्हणून गाठ आकसणे निरर्थक, असे मात्र मी म्हणणार नाही. फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या जेफिटिनिबला 2003 मध्ये अमेरिकेत वेगवान मंजुरी मिळाली ती सुमारे 10 टक्के रुग्णांच्या प्रतिसादावर. पुढच्या मोठ्या चाचणीत सरसकट सगळ्या रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे सिद्ध झाले नाही आणि 2005 मध्ये वापरावर मर्यादा आल्या. दरम्यान उलगडा झाला होता, की गाठीतल्या ईजीएफआर जनुकात ठरावीक बदल असेल तर हे औषध चांगले लागू पडते. अशाच रुग्णांसाठी 2015 मध्ये त्याला पुन्हा मंजुरी मिळाली. ते दहा टक्के खरेच होते. फक्त ते कोण, हे आधी कुणाला ठाऊक नव्हते.

तेव्हा अशा बातमीत एवढे तरी छापा: कितीपैकी किती रुग्णांना प्रतिसाद मिळाला, निदान चार आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून तो पक्का केला का, आणि किती महिने टिकला. डॉक्टरांनी मला हेच विचारले होते. कात्रण उलटसुलट करून पाहिले, मागे जाहिरात होती.

आपला,
एक वाचक