दूध पाजायला शिकवणारं माणूस हवं

संपादक साहेब, नमस्कार.

माझं बाळ आता दोन महिन्यांचं आहे, सिझर झालं होतं. सांगलीतल्या दवाखान्यात पहिले तीन दिवस बाळ नुसतं रडायचं, मला बोंडाला चिरा पडून रक्त यायचं आणि येईल तो म्हणायचा हिला दूधच नाही, पावडरचा डबा आणा. सिस्टर चांगल्या होत्या, पण एकटीनं किती बायकांकडे बघायचं. शेवटी १४व्या दिवशी आशा सेविका ताई घरी आल्या, शेजारी बसल्या, बाळाचं पोट माझ्या पोटाला लावलं आणि म्हणाल्या नुसतं बोंड नको, भोवतीचा काळा भाग पण तोंडात जाऊ दे, हनुवटी टेकली पाहिजे. पाच मिनिटांत दुखायचं थांबलं हो, मी रडलेच!

हेच पहिल्या दिवशी कुणी दाखवलं असतं तर? सरकारचा २०१६ पासून स्तनपानासाठी 'मा' कार्यक्रम आहे, १ ते ७ ऑगस्ट स्तनपान सप्ताह असतो, ते चांगलंच आहे, पण पोस्टर बघून बाळ कसं धरायचं ते कळत नाही. प्रत्येक दवाखान्यात, खाजगी असला तरी, घरी सोडायच्या आधी शिकलेल्या माणसानं एकदा तरी शेजारी बसून बाळाला पाजताना बघावं, आणि सासूबाई, नवऱ्यालाही तिथंच बसवावं.

एक आई, तासगाव, जि. सांगली